बोर्ली पंचतन परिसरातील सुपारी : बाजार आणि बागायतदार

प्रस्तावना : कोकणच्या कृषी-इतिहासाचे लेखन प्रामुख्याने भात व खोती यांभोवती झाले. बागायती मालाच्या बाजाराकडे त्यामानाने कमी लक्ष गेले. प्रस्तुत लेखात बोर्ली पंचतन, दिवेआगर व श्रीवर्धन या पट्ट्यातील सुपारीचा विचार केला आहे.

विवेचन : १९४८ पर्यंत हा प्रदेश जंजिरा संस्थानात होता. १८८३ च्या मुंबई गॅझेटियरच्या कुलाबा-जंजिरा खंडात श्रीवर्धनी सुपारीचा उत्तम प्रतीची म्हणून उल्लेख आढळतो. आंब्याप्रमाणे सुपारी नाशवंत नाही. उन्हात वाळवून ती साठविता येते व भाव पडल्यास विक्री लांबविता येते. मात्र हे सामर्थ्य सावकाराचे वा व्यापाऱ्याचे देणे नसलेल्या बागायतदारासच लाभते. उचल घेतलेल्यास मिळेल त्या भावाने माल द्यावा लागतो.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने प्रश्नाचे स्वरूप पालटले. या वेळी माल नव्हे, तर भांडवलच, म्हणजे झाडेच, नष्ट झाली. नवी सुपारी फळास येण्यास साधारणतः सहा ते आठ वर्षे लागतात. फळबागांसाठी हेक्टरी ५०,००० रुपयांची मदत जाहीर झाली. परंतु येथील वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात. त्यामुळे दाट लागवडीच्या छोट्या वाडीचे नुकसान क्षेत्राच्या मापात बसत नाही.

निष्कर्ष : सुपारीच्या बाजारात भावाइतकेच महत्त्व थांबण्याच्या क्षमतेस आहे. ती क्षमता टिकविण्यासाठी सुलभ तारण कर्ज, सहकारी साठवणूक व झाडनिहाय भरपाई यांची सांगड घालणे आवश्यक ठरते.