पेशवाईतील कोतवाली : गुन्हा, बंदोबस्त आणि शिक्षा

रिसालीच्या आसपासच्या खेड्यांत ‘कोटवार’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गावात दवंडी देणारा, जन्ममृत्यूची व गुन्ह्याची खबर ठाण्यापर्यंत पोहोचविणारा हा गावनोकर १९५९ च्या भू-राजस्व संहितेतही कायम राहिला. शब्दाच्या नात्याने तो पेशव्यांच्या पुण्यातील कोतवालाचा भाऊबंद. अधिकाराच्या दृष्टीने मात्र दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर. १७४१ मध्ये भास्करपंतांनी रतनपूर घेतल्यापासून छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला आणि पुढे परगण्यांवर कमाविसदार नेमले गेले. वसुली, बंदोबस्त आणि न्याय ही तिन्ही कामे त्या एकाच माणसाकडे असत. तेव्हाच्या मराठी राज्यात गुन्हेगार पकडणारा कोण, शिक्षा देणारा कोण, आणि त्याला जाब विचारणारा कोण, हे प्रश्न म्हणूनच आपल्या परिसरालाही परके नाहीत.

खेड्यात पोलीस असा वेगळा नव्हताच. पाटील हा गावचा मुख्य, आणि त्याच्या हाताखाली रामोशी, भिल्ल किंवा महार जागल्या. चोरी झाली की जागल्या पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जाई. माग शेजारच्या गावात शिरला की जबाबदारी त्या गावावर येई. तेथल्या जागल्याने तो पुढील शिवेपर्यंत नेऊन दाखविला तरच त्या गावाची सुटका. माग जेथे संपे, त्या गावाने चोरीचा माल भरून द्यावा, असा रिवाज होता. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात ही पद्धत नोंदवून ठेवली आहे. त्याला तिचे फारसे नवल वाटले नसावे, कारण त्याच्या स्वतःच्या देशात १२८५ च्या विंचेस्टर कायद्याने चोर न सापडल्यास त्या भागातील रहिवाशांवरच नुकसानीचा भार टाकला होता. आरोळी उठली की साऱ्या गावाने चोराच्या मागे धावावे, हा तेथलाही दंडक. इंग्लंडमधील गावचा कॉन्स्टेबल हा बहुधा वर्षभरासाठी, बिनपगारी नेमलेला शेजारीच असे.

पुण्यासारख्या वाढत्या शहरात माग काढून भागणारे नव्हते. तेथे कोतवाल आला आणि पेठांतून त्याच्या चावड्या आल्या. रात्रीची गस्त, बाजारातील भाव व वजनमापे, घरांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची माहिती, रस्त्यातली भांडणे, एवढा पसारा त्याच्याकडे होता. रात्री तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडेल त्याला गस्तवाले धरून नेत. परकीय प्रवाशांनी या बंदोबस्ताची वाखाणणी केली आहे. अडचण एवढीच की, इतकी सत्ता एकवटलेल्या माणसाचा हिशेब रोजच्या रोज कोणी तपासत नव्हते.

शिक्षांचे स्वरूप आज वाचताना अंगावर काटा येतो. सर्वांत सामान्य शिक्षा दंडाची, आणि तो गुन्हेगाराची ऐपत पाहून ठरे. मोठ्या चोरीला हात किंवा पाय तोडणे, दरोड्याला देहान्त. कैदेसाठी डोंगरी किल्ले. ब्राह्मणांना आणि स्त्रियांना सहसा देहदंड नसे. पण किल्ल्यावरच्या कैदेत जाडेभरडे अन्न आणि रोगट हवा यांनी पुष्कळदा तेच काम केले. एकाच गुन्ह्याला जातीप्रमाणे वेगळी शिक्षा होती, हे झाकण्याचे कारण नाही. पुरावा नसेल तेथे दिव्य करावयास लावीत. कढत तेलातून धातूचा तुकडा काढून दाखविणे हा त्यातला एक प्रकार. तथापि त्याच काळच्या इंग्लंडला फार सोवळे मानण्याचेही कारण नाही. तेथे अठराव्या शतकाच्या अखेरीस देहान्ताचे गुन्हे दोनशेच्या घरात गेले होते, आणि दुकानातून पाच शिलिंगांचा माल उचलणे हा त्यांतलाच एक होता. फाशी टाळावी म्हणून पंच मंडळी चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम कमी लिहीत. कायदा अतोनात कठोर झाला की माणसे त्याला अशी बगल देतात.

पेशवाईतील न्यायाची उंची सांगताना रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव येते, ते योग्यच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर राघोबादादांना देहान्ताशिवाय प्रायश्चित्त नाही, असे सांगून त्यांनी पद सोडले. परंतु एका व्यक्तीचे धैर्य म्हणजे व्यवस्था नव्हे. त्याची प्रचीती अठरा वर्षांनी आली, आणि तोपर्यंत रामशास्त्री हयात नव्हते.

१७७७ पासून पुण्याची कोतवाली घाशीराम सावळदासाकडे होती. नाटकामुळे हे नाव घरोघरी पोहोचले. मूळ हकीकत थोडक्यात अशी. ऑगस्ट १७९१ मध्ये पुण्यात आलेल्या तीसहून अधिक तैलंगी ब्राह्मणांना चोरीच्या आळावर पकडून एका कोंदट जागेत कोंडण्यात आले. चौकशी नाही, पंचायत नाही. दुसऱ्या दिवशी मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडविले, तेव्हा वीसहून अधिक जण गुदमरून मेलेले होते. नाना फडणविसांसारखा सावध कारभारीही प्रथम कोतवालाच्याच म्हणण्यावर विसंबला. मग शहर उसळले, वाड्यापुढे जमाव ठाण मांडून बसला, आणि शेवटी घाशीराम त्यांच्या स्वाधीन झाला. ३१ ऑगस्ट रोजी जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले.

लोकांच्या स्मरणात ही घटना अन्यायाचे पारिपत्य म्हणून राहिली. बारकाईने पाहता, बंदिवानांची जशी चौकशी झाली नव्हती, तशी घाशीरामाचीही रीतसर झाली नाही. कोणाच्या हुकुमाने कोंडले, पहाऱ्यावर कोण होते, चौदा वर्षांत आणखी किती जण असे कोंडले गेले, हे सारे त्याच्याबरोबर गेले. कोतवालाची जागा मात्र राहिली आणि तिच्यावर दुसरा माणूस आला.

१८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हा एल्फिन्स्टनने पाटील आणि पंचायत एकदम मोडली नाही. त्याच वर्षी अॅग्न्यूने छत्तीसगडचा कारभार रतनपुराहून रायपुरास आणला. खुद्द लंडनला पगारी, गणवेशातले पोलीसदल मिळायला १८२९ साल उजाडावे लागले, आणि ते येऊ नये म्हणून तेथल्या लोकांनी बरीच वर्षे विरोध केला होता. अशा दलामुळे घराघरांत सरकारचे हेर शिरतील, अशी त्यांना भीती वाटत होती.