स्पिटफायरच्या पोटातला हिरवा

मागच्या भागात माझ्या पाठीमागच्या फळीवर एक अर्धवट विमान दिसत होतं. ते कसलं, असं दोघा-तिघांनी फोन करून विचारलं. ते स्पिटफायर आहे, १:४८ प्रमाणाचं. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ११.२३ मीटर, माझ्या टेबलावर तो साडेतेवीस सेंटिमीटरच्या आसपास येतो. बाहेरून त्याला अजून ब्रशही लागलेला नाही. चार महिने गेले ते आतल्या रंगात, म्हणजे वैमानिक बसतो त्या खोबणीच्या रंगात. आज त्या चार महिन्यांबद्दल बोलतो. रंग शोधायला निघालो आणि पोचलो बडगामला, त्याची ही हकिकत.

सुरुवात फजितीची आहे. बाटलीवर ‘कॉकपिट ग्रीन’ लिहिलेलं पाहिलं आणि आणली. दोन हात दिले, वाळवलं, वर वार्निश मारलं. आमच्या कॉलनीत वायुसेनेतून निवृत्त झालेले एक वॉरंट ऑफिसर राहतात. उभा जन्म विमानांच्या पोटात गेलेला माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तो अर्धा सांगाडा डोळ्यांजवळ नेला आणि मला विचारलं, “सर, ये जापान की तरफ से लड़ा था क्या?” मी बाटली पुन्हा पाहिली. नावापुढे कंसात बारीक अक्षरांत जपानी नौदलाची आद्याक्षरं होती. ज्या विमानाने ब्रह्मदेशाच्या आकाशात जपान्यांशी झुंज दिली, त्याच्या आत मी इमानेइतबारे जपानी रंग लावून ठेवला होता! लेबल पूर्ण वाचल्याशिवाय मालाच्या पावतीवर सही करायची नाही, हे मी तीस वर्षं कनिष्ठांना शिकवत होतो.

तर मुद्दा असा, की विमानाच्या आतला हिरवा हा एक रंग नाही. ज्याचा त्याचा हिरवा वेगळा. अमेरिकन कारखान्यांत झिंक क्रोमेट नावाचा गंजरोधक थर वापरत. तो मुळात पिवळट. त्यात काळा मिसळला की गडद पोपटी-हिरवा तयार होतो, आणि तोच त्यांच्या कॉकपिटचा रंग ठरला. सोव्हिएत विमानांत याहून भलताच प्रकार. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला मिग-२१ बनत असे, ते ज्यांनी आतून पाहिलं असेल त्यांना तो निळसर-हिरवा, मोरपिसाच्या जवळ जाणारा रंग नक्की आठवेल. आणि युद्धकाळातल्या ब्रिटिश विमानांत राखाडी झाक असलेला फिका हिरवा. इंग्रजी कागदपत्रांत त्याला सरळ ‘ग्रे ग्रीन’ म्हणतात. स्पिटफायरला हवा तो हा.

हा रंग लावायचाच कशाला? एक कारण गंज. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असा आपला घरगुती समज, भांड्यांवरून झालेला. विमानाची मिश्रधातू मात्र दमट हवेत खात सुटते. दुसरं कारण डोळे. उघडा चकचकीत पत्रा ऊन परतवतो. वैमानिकाला खालची जमीनही पाहायची असते आणि समोरची यंत्रंही. म्हणून आतला रंग शांत हवा, चमक नको.

नाव कळलं म्हणजे छटा कळली असं नाही, हे मला जबलपुरात राहून कुणी वेगळं सांगायला नको होतं. आमचं गाव तोफगाड्यांचं आणि ट्रकांचं. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. पुढे वाहन कारखाना आला. ‘जोंगा’ हे जीपगाडीचं नावसुद्धा जबलपूरच्या आयुध आणि तोफगाडी कारखान्यांच्या इंग्रजी नावातली अक्षरं जुळवून झालेलं. या गाड्यांचा रंग कागदावर एकच: भारतीय मानकांच्या रंगपत्रिकेतला २२० क्रमांकाचा ऑलिव्ह ग्रीन. पण तीन जोंगा उन्हात शेजारी उभ्या करा, तीन हिरवे दिसतात. एक नव्या डब्यातला, एक दोन उन्हाळे खाल्लेला, एक कुठल्याशा युनिटने तपासणीच्या आदल्या रात्री घाईने मारलेला. त्याच पत्रिकेत २८३ क्रमांकाला ‘एअरक्राफ्ट ग्रे ग्रीन’ नावाची छटाही आहे. ती सापडली तेव्हा मला वाटलं, मारली बाजी. वॉरंट ऑफिसरसाहेबांनी पुन्हा थांबवलं. ती पत्रिका ब्रिटिश मानकाच्या वळणावर बेतलेली आहे, आणि युद्धकाळात स्पिटफायर एका छताखाली बनत नव्हतं. सुटे भाग अनेक ठिकाणी तयार होत. एका कारखान्याच्या पिंपातला हिरवा दुसऱ्याच्या पिंपातल्याशी तंतोतंत जुळेलच कशाला? २८३ जवळचा आहे, बायबल नाही.

मग संग्रहालयात जाऊन बघावं, असं कुणीही म्हणेल. दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात स्पिटफायर आहे. पण संग्रहालयात आपल्याला दिसतो तो विमानाचा शेवटचा रंग, पहिला नव्हे. दर मोठ्या दुरुस्तीला एक थर चढतो. युद्धानंतर ब्रिटिश पद्धतीत कॉकपिट काळं करण्याकडे कल गेला, त्यामुळे हिरव्यावर काळं चढलेलंही सापडतं. खरा पुरावा लपलेला असतो पट्टीच्या खाली, खिळ्याच्या डोक्याभोवती, जिथे ब्रश पोचला नाही तिथे. जुन्या वाड्यात खुंटीमागचा चुना पाहून मूळ भिंत ओळखतात, तसंच.

काळीपांढरी छायाचित्रंही फसवतात. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा दिसतच नाही, तो काळा उमटतो. घड्याळांच्या तबकड्यांचं निराळंच. अंधारात चमकावेत म्हणून आकडे आणि काटे रेडियमच्या रंगाने काढलेले असत. आज ते आकडे तपकिरी दिसतात, कारण सोबतचं चमकणारं द्रव्य जळून गेलं. रेडियम मात्र तिथेच आहे, त्याचं अर्धायुष्य सोळाशे वर्षांचं. तेव्हा संग्रहालयातलं पाहून मॉडेलमध्ये तपकिरी आकडे काढले, तर आपण १९४७ नाही, आजचा दिवस रंगवतो.

सगळ्यात गंमत बैठकीची. मी ती हिरवी केली होती, आजूबाजूचं सगळं हिरवं म्हणून. पण स्पिटफायरच्या पुष्कळशा बैठका पत्र्याच्या नव्हत्याच. रेझिनमध्ये भिजवलेले थर दाबून केलेल्या होत्या आणि त्यांचा अंगचा रंग कातासारखा, तांबूस तपकिरी. त्यावर रंग देत नसत. बैठकीच्या मागे, आडव्या फ्रेमपलीकडे, हिरवा संपून रुपेरी सुरू होतो. म्हणजे माझा एकजात हिरवा डबा आता तीन रंगांचा झाला, वर काळ्या तबकड्या आणि काळा होकायंत्राचा डबा.

आता बडगाम. जबलपुरात जम्मू-काश्मीर रायफल्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. या पलटणीचं मूळ जम्मू-काश्मीर संस्थानच्या फौजेत. ऑक्टोबर १९४७ मध्ये टोळीवाले मुझफ्फराबादहून खोऱ्यात घुसले तेव्हा ब्रिगेडियर राजिंदर सिंह यांनी मूठभर संस्थानी सैनिक घेऊन त्यांना उरीपाशी रोखून धरलं आणि त्यातच प्राण दिला. ते काही दिवस मिळाले म्हणून २७ तारखेला पहिली शीख पलटण डाकोटांतून श्रीनगरला उतरू शकली. तो विमानतळ गेला असता तर खोरं गेलं असतं. लढाऊ विमानं जवळ हवी होती, म्हणून अंबाल्याच्या प्रगत उड्डाण प्रशिक्षण शाळेतली स्पिटफायर तिथे आणली. प्रशिक्षणाची विमानं, थेट मोर्चावर. श्रीनगरला त्यांच्यासाठी इंधन नव्हतं, तेव्हा आलेल्या डाकोटांच्या टाक्यांतून पेट्रोल काढून ते यांच्यात भरलं.

३ नोव्हेंबरला बडगामला चौथ्या कुमाऊँची एक कंपनी घेरली गेली. मेजर सोमनाथ शर्मांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. शत्रू संख्येने सातपट. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात एक तपशील आहे, जो मी कॅडेट असताना वाचून पुढे गेलो होतो: शत्रूच्या डोळ्यांदेखत, गोळीबारात, त्यांनी जमिनीवर कापडी पट्टे अंथरले, आपल्या विमानांना निशाणा कळावा म्हणून. थोड्याच वेळात तोफगोळ्याच्या स्फोटात ते गेले. तोवर विमानतळ वाचवायला लागणारा वेळ त्यांनी काढून दिला होता.

सरावात असे पट्टे मी स्वतः अंथरले आहेत. जमिनीवरून ते चांगले चादरीएवढे वाटतात. वरून? ताशी ४०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाखालून एक किलोमीटर जमीन नऊ सेकंदांत निघून जाते. तेवढ्यात वैमानिकाने आतल्या तबकड्यांवरून नजर उचलायची, उन्हातल्या शेतांत ते पट्टे शोधायचे आणि आपले कुठे, त्यांचे कुठे हे ठरवायचं. काचेत स्वतःच्याच विमानाच्या पत्र्याचं ऊन चमकत असेल तर त्यातला एक सेकंद गेलाच. इतके दिवस मी त्या राखाडी हिरव्याकडे मॉडेलवाल्याच्या हट्टाने पाहत होतो. हे गणित कागदावर मांडल्यावर जपानी रंग पुरता खरवडून काढला. नुसता वरून झाकला नाही.

शेवटी केलं काय, तर मानकातल्या छटेजवळ जाणारा राखाडी हिरवा घेतला आणि त्यात पांढऱ्याचा एक थेंब टाकला, कारण एवढ्याशा वस्तूवर खरा रंग डोळ्याला जास्त गडद लागतो. कोपऱ्यांत पातळ काळं सोडलं. बैठक तांबूस. तबकड्यांवर फिके आकडे, भिंगाखाली, एका केसाच्या ब्रशने. माझे हात आता पूर्वीसारखे स्थिर नाहीत, त्यामुळे उंचीमापकाच्या आकड्यांकडे कुणी फार निरखून पाहू नये.

काचेचं झाकण मी उघडंच चिकटवणार आहे, नाहीतर चार महिन्यांचं काम कुणाला दिसणारच नाही. पण झाकण उघडं म्हणजे विमान जमिनीवर, आणि जमिनीवर म्हणजे बडगाम नाही, श्रीनगरचा विमानतळ. तळपाटावर कापडी पट्टे ठेवायचे मनात होतं, ते रद्द. त्याऐवजी शेजारी एक हातपंप, रबरी नळी आणि पेट्रोलचे दोन डबे ठेवतोय. वॉरंट ऑफिसरसाहेब कालच येऊन गेले. डब्यांकडे पाहून त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला आहे.