न लागलेली कुस्ती

पुनावळ्यात काटे वस्तीच्या रस्त्याने महामार्गाकडे निघालात की दोन्ही अंगांना उंच सोसायट्या, बांधकामाच्या क्रेन, पाण्याचे टँकर. हे सगळं मागे सारत चला. १९९७ च्या आधी गाव महापालिकेत नव्हतं. १९८२ च्या आधी महापालिकाच नव्हती. आणखी मागे या, १९५४ च्या उन्हाळ्यात. टॉवर गेले, महामार्ग गेला. नांगरून पडलेली रानं, बांधावरच्या बाभळी आणि आटलेली पवना, कारण वरचं धरण अजून बांधलेलं नाही. कपडे वर खोचून पात्र ओलांडा, चिंचवड स्टेशनवर पुण्याची गाडी धरा. पिंपरीला पेनिसिलीनच्या सरकारी कारखान्याचं काम चालू आहे, सिंधी निर्वासितांची छावणी आहे. बाकी सगळं शिवार.

पुण्यात उतरून पेठेतल्या एखाद्या तालमीपाशी या. दार बुटकं, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. हौदातली लाल माती नुकतीच उकरलेली आहे. तेल, ताक, हळद, लिंबू पिऊन ती इतकी मऊ झालीय की मुठीत दाबली तर लाडू वळला जावा. एक पोर फावड्याने ती सारखी करतंय. कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती. दोन गडी सलामी घेतात, मानेवर हात पडतात, खडाखडी सुरू होते आणि वस्ताद बसल्या जागेवरून ओरडतो, ‘पट काढ, पट!’

पण तुम्ही बाई असाल तर उंबऱ्याबाहेरच थांबा. माती मारुतीची, तिला बाईचा पाय लागायचा नाही, हा इथला रिवाज. तो कुठे लिहिलेला नाही आणि मोडण्याचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. हा उंबरा नीट बघून ठेवा, कारण आज तुम्ही जिच्यासाठी इतक्या लांब आलात तिने तो ओलांडलाय.

तिचं नाव हमीदा बानू. मूळची उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरची, अलीगढला सलाम पैलवानांच्या हाताखाली तयार झालेली. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. रोज सहा तास मेहनत, नऊ तास झोप. खुराकाचे आकडे वर्तमानपत्रं चवीने छापतात: साडेपाच लिटरच्या वर दूध, सुमारे किलोभर मटण, एक कोंबडी, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन ताटं बिर्याणी. तिने जाहीर आव्हान दिलंय की जो पुरुष मला चीत करील त्याच्याशी मी लग्न करीन. फेब्रुवारीपासून तिने एक पतियाळाचा आणि एक कलकत्त्याचा असे दोन मल्ल पाडलेत. मे महिन्यात बडोद्याला छोटे गामा तिच्याशी लढणार होते. बाईशी कुस्ती धरणार नाही म्हणत ते मागे फिरले. मग बाबा पैलवान उतरले. एक मिनिट चौतीस सेकंदांत ते आकाशाकडे बघत पडले होते. त्यानंतर त्यांनी कुस्ती सोडली, असं सांगतात. मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्तिलिनला तर तिने मिनिटभरही टिकू दिलं नाही. आपण तीनशेवीस कुस्त्या मारल्यात, असं ती स्वतः सांगते.

आता तुम्ही बरोबर आणलेली एक आठवण काढा. नव्वदच्या दशकात केबलवर अमेरिकी कुस्ती बघणाऱ्या, वर्गात बाकाखाली ट्रम्प कार्ड खेळणाऱ्या पिढीतले असाल तर मिस एलिझाबेथ आठवेल. १९८५ साली ती रँडी सॅव्हेजबरोबर रिंगकडे येऊ लागली. त्या खेळात बाईचं काम ठरलेलं असे: नटून पैलवानाच्या शेजारी चालायचं, त्याच्यासाठी दोर धरायचा, वेळ पडली तर पंचाचं लक्ष दुसरीकडे वेधायचं. एलिझाबेथने ते इतक्या संयमाने केलं की लोक सॅव्हेजइतकंच तिच्याकडेही बघत. पण कुस्ती त्याची होती.

इथे उलट बघा. शेजारून चालणारा पुरुष आहे, सलाम पैलवान. करार तो बघतो, जोड तो ठरवतो, गावोगाव तो हिंडतो. आणि शड्डू ठोकते ती बाई. एलिझाबेथच्या तीस वर्षं आधी, आपल्याकडे.

इथून पुढे तारखांना बांधून घेऊ नका. तुम्ही काळाचे प्रवासी आहात, महिने पुढेमागे सरकवता येतात. थोडं मागे, १९४४ च्या मुंबईत डोकवा. हमीदा आणि गुंगा पैलवान यांची कुस्ती बघायला वीस हजार लोक स्टेडियममध्ये लोटलेत. गुंगा पैलवान पैशावरून आणि तयारीच्या मुदतीवरून अडून बसतात, कुस्ती रद्द होते आणि चिडलेली गर्दी स्टेडियमची मोडतोड करते. मग कोल्हापुरात या, शाहू महाराजांनी कुस्ती जिथे घरोघरी नेली त्या गावात. हमीदाने शोभासिंग पंजाबीला हरवलं आणि गर्दीतून दगड आले. पोलीस बोलवावे लागले. याच कोल्हापूरने परक्या मुलखातल्या मल्लांना डोक्यावर घेतलं, त्यांचा खुराक पुरवला. तिथून दगड यावेत, हे मला आजही सोसत नाही.

आणि पुणे. इथे रामचंद्र साळुंखे यांच्याशी तिची जोड ठरली होती. कुस्तीचा कारभार बघणाऱ्या राष्ट्रीय तालीम संघाने विरोध केला. कुस्ती रद्द झाली. सलामी नाही, हलगी नाही, निकाल नाही. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्यापर्यंत कुस्त्यांवरच्या बंदीची तिची तक्रार गेली तेव्हा उत्तर आलं की बंदी ती स्त्री आहे म्हणून नाही. आयोजक तिच्यापुढे डमी पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत, म्हणून.

तालमीच्या भाषेत, नुरा कुस्ती. आधीच ठरवून लढलेली.

हा आरोप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिकिटावर चालणाऱ्या दंगलींत ठरवून लढणं होतं, आणि दीड मिनिटात पडणाऱ्या पैलवानांबद्दल शंका येणं स्वाभाविक आहे. तिच्या सगळ्याच कुस्त्या निकाली होत्या, अशी ग्वाही मीही देणार नाही. पण तुम्ही तालमीच्या दारात उभे आहात, तर आतल्या कुणालाही विचारा: एखादा मल्ल खरा की खोटा, हे कसं ठरतं? उत्तर एकच येईल. जोड लावा, पंच आपला ठेवा, माती आपली ठेवा, आणि बघा. पुण्याकडे पंच होते, वस्ताद होते, डोळा असलेले हजारो शौकीन होते. नुरा कुस्ती पहिल्या पकडीत ओळखतील अशी माणसं याच गल्ल्यांत राहत होती. हमीदा खोटी असती तर ती इथेच उघडी पडली असती. खरी असती तर तेही इथेच दिसलं असतं. संघाने तिला हरवलं नाही, तिची परीक्षाही घेतली नाही. संशय तसाच ठेवला आणि तो जन्मभर तिच्या नावाला चिकटला. मला राग येतो तो याचा.

पुढची वर्षं भराभर ओलांडा, तिथे आखाडा नाही. युरोपात जाऊन लढायचा तिचा बेत होता; तो हाणून पाडायला सलाम पैलवानांनी तिचे हात मोडले, असं तिच्या नातवाने पुढे सांगितलं. शेजारून चालणारा माणूस वाट अडवूही शकतो. यानंतर ती कुस्तीच्या बातम्यांतून नाहीशी होते. मुंबईजवळ कल्याणला तिला शोधा: म्हशी, दुधाचा धंदा, भाड्याने दिलेल्या खोल्या, आणि पैसा संपल्यावर रस्त्याकडेला विकायला मांडलेले घरचे खाद्यपदार्थ. १९८६ साली ती गेली.

परत येताना २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला उतरा. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरलीय. पुरुषांची सुरू झाली १९६१ साली; मुलींना बासष्ट वर्षं थांबावं लागलं. अंतिम फेरीत सांगलीची प्रतीक्षा बागडी आणि समोर वैष्णवी पाटील, कल्याणची. प्रतीक्षा जिंकली. पंच होते, गुण होते, प्रेक्षक होते, आणि ही कुस्ती लावावी का, असं कुणी विचारलं नाही.

तिथून पुनावळ्याला पोचलात की एखाद्या सकाळी इंद्रायणीकाठी आळंदीला जा. जोग महाराज व्यायामशाळेत मुली कुस्ती शिकतात. तुमच्या घरी दहा-बारा वर्षांची मुलगी असेल तर तिलाही न्या, आणि जाताना वाटेत हमीदा आणि रामचंद्र साळुंखे यांच्या ठरलेल्या जोडीबद्दल सांगा. कोण जिंकलं असतं, हे ती विचारणारच.