अशुरेची वाटी

मोहरमच्या दहा तारखेला आपल्याकडे मोहल्ल्यात खिचडा शिजतो, सबीलवर सरबत वाटले जाते. तुर्कस्तानात याच सुमारास घरोघरी मोठ्या पातेल्यात एक गोड खीर चढते. तिचे नाव ‘अशुरे’. नाव ओळखीचे वाटले ना? अरबीत ‘अशरा’ म्हणजे दहा. त्यावरून मोहरमची दहावी तारीख ‘आशुरा’ झाली आणि त्या दिवसावरून खिरीचे नाव पडले. मी उर्दू शिकवतो, म्हणून असे प्रवासी शब्द मला विशेष आवडतात.

तुर्की लोककथा अशी: महापूर ओसरला, हजरत नूह यांची नौका डोंगराला टेकली. कोठारात थोडेथोडेच धान्य उरले होते. सगळ्यांनी ते एकत्र शिजवले. नौका जूदीवर थांबल्याचा उल्लेख कुराणात सूरह हूदमध्ये आहे. खिरीची गोष्ट मात्र तिथे नाही, ती लोकांनी जपली आहे. आजही अशुरेत गहू, हरभरे, पांढरा घेवडा, जर्दाळू, अंजीर, मनुका असे सारे एकत्र येते. वरून अक्रोड, दालचिनी आणि डाळिंबाचे दाणे घालतात.

हीच खीर शोकाशीही जोडलेली आहे. इ.स. ६८० मध्ये याच तारखेला करबलात इमाम हुसैन शहीद झाले. तुर्कस्तानातले अलेवी बारा इमामांच्या स्मरणार्थ बारा दिवस रोजे ठेवतात आणि मग अशुरे शिजवतात. इमाम हुसैन यांचे पुत्र जैनुल आबिदीन बचावले, त्याबद्दलचे ते शुक्र. म्हणजे सुन्नी घरात नूह यांच्या सुटकेची आठवण आणि अलेवी घरात करबलाची. पण वाटीतली खीर जवळपास तीच.

उस्मानी काळात राजवाड्याच्या मुदपाकखान्यात अशुरे शिजे आणि वाटली जाई. बेक्ताशी दर्वेशांच्या खानकाहांतही तिचा मान मोठा. १९२५ मध्ये प्रजासत्ताकाने खानकाहा बंद केल्या, पण खीर घराघरांत टिकून राहिली. आर्मेनियन ख्रिस्ती नाताळच्या दिवसांत ‘अनुशाबूर’ नावाची गव्हाची खीर करतात, तीही अशुरेची सख्खी बहीणच म्हणायची.

अशुरे फक्त स्वतःपुरती करत नाहीत. वाट्या भरून शेजारीपाजारी पाठवायच्या, शेजारी कोणत्या धर्मा-पंथाचा हे विचारायचे नाही, असा रिवाज आहे.

पण वाटीला फार भोळेपणाने पाहू नये. १९७८ मध्ये मराश शहरात शंभराहून अधिक माणसे मारली गेली, त्यात बहुतेक अलेवी होते. १९९३ मध्ये सिवासमध्ये अलेवी महोत्सवासाठी आलेले लेखक-कलावंत उतरले होते, त्या हॉटेलला जमावाने आग लावली. खीर वाटणाऱ्या देशातच हे घडले. रिवाज आपोआप माणसाला वाचवत नाही. तो फक्त दरवर्षी शेजाऱ्याचे दार वाजवायला लावतो. दार वाजवणे थांबले की अफवांना जागा मिळते, हे आपल्या गावांनाही ठाऊक आहे. म्हणून खिचडा असो की अशुरे, पातेले थोडे मोठेच चढवावे आणि पहिली वाटी शेजारी द्यावी.