कार्ल्याच्या डोंगरावरील कुलस्वामिनी

आपल्या ज्ञातीतील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी श्रीएकवीरा होय. गिरगावातील चाळ असो, लालबाग-परळची खोली असो वा दादरचे बिऱ्हाड असो; घरात विवाह ठरला की पहिली पत्रिका देवीच्या नावे काढावयाची आणि विवाहानंतर नवदांपत्याने कार्ल्याच्या डोंगरावर जाऊन ओटी भरावयाची, हा कुलाचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु ज्या स्थानी आपण नतमस्तक होतो त्याचा इतिहास आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असतो. तो ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

हा डोंगर पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, इंद्रायणीच्या खोऱ्याच्या उत्तरेस आहे. समोर दक्षिणेस लोहगड व विसापूर हे किल्ले दिसतात. पायथ्याच्या गावाचे नाव वेहेरगाव. या नावात ‘विहार’ हा शब्द दडला आहे, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. कारण देवळास लागूनच जे भव्य लेणे आहे ते बौद्ध भिक्षूंचे चैत्यगृह होय. त्याची लांबी सुमारे १२४ फूट व उंची सुमारे ४५ फूट असून भारतातील खोदीव चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे गणले जाते. छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत.

पांडवांनी हे स्थान एका रात्रीत निर्माण केले, अशी कथा आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतो. कथा गोड आहे. पण दगडावरील अक्षरे निराळे सांगतात. तेथील ब्राह्मी लेखांवरून हे काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ठरते. वैजयंती, म्हणजे कर्नाटकातील बनवासी, येथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे लेणे पूर्णत्वास नेले, असे एक लेख सांगतो. सिंहस्तंभ अग्निमित्रणक नावाच्या गृहस्थाचे दान आहे. धेनुकाकट गावच्या सुताराचे, गंध विकणाऱ्याचे, इतकेच काय, यवनांचेही नाव तेथे कोरलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या निर्वाहासाठी एक गाव दिले. म्हणजे हे एका रात्रीचे काम नव्हे, की एका कुळाचेही नव्हे. नाना जातींच्या व गावांच्या माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावला, तेव्हा हा डोंगर बोलू लागला.

चैत्याच्या दारापुढे डावीकडे सिंहस्तंभ उभा आहे. उजवीकडेही तसाच स्तंभ असावा, असे अभ्यासक मानतात. त्याच जागी आज देवीचे मंदिर आहे. बुद्धाचा चैत्य आणि आदिमायेचे देऊळ एकाच अंगणात नांदत आहेत.

मुंबईकरांना हे दर्शन पूर्वी सुलभ नव्हते. बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० साली. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ साली सुरू झाली. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रूळ १८५८ साली पडले, तरी मधला घाट प्रवाशांना पालखीतून वा तट्टावरून चढावा लागे. तो घाट १८६३ साली आगगाडीस खुला झाला. त्या कामी रोगराईने व अपघातांनी हजारो मजूर दगावले. आज आपण दादरला गाडीत बसून लोणावळ्यास उतरतो, तेव्हा त्या अनामिकांचेही स्मरण ठेवणे उचित होय. घाट खुला झाल्यावर अवघ्या तीन वर्षांत, १८६६ साली, मुंबईच्या कोळी भाविकांनी देवीपुढे नगारखाना बांधला. मुंबईचा व या डोंगराचा संबंध लोहमार्गाने किती दृढ केला, याचे याहून बोलके प्रमाण कोणते?

चैत्र शुद्ध षष्ठीस देवघर येथे देवीचे बंधू काळभैरवनाथ यांची यात्रा भरते आणि सप्तमीस कार्ल्यास देवीची पालखी निघते. त्या पालखीस खांदा देण्यास कोळी, आगरी, कायस्थ प्रभू, पाठारे अशा कितीतरी समाजांची माणसे लोटतात. म्हणून आपल्या स्मरणिकेत ‘आमची देवी’ असे लिहिताना, ती इतरांचीही माउली आहे, हे आपण विसरू नये. ज्ञातीचा अभिमान असावा; पण त्यासाठी इतिहास वाकविण्याचे कारण नाही. लेणे बौद्धांचे होते असे म्हटल्याने देवीचे माहात्म्य तिळभरही उणे होत नाही.

आज आपली कुटुंबे गिरगाव-दादर सोडून विरार, डोंबिवलीस आणि सातासमुद्रापलीकडेही गेली आहेत. चाळींच्या जागी मनोरे उठत आहेत आणि मुलांना मूळ गाव ठाऊक नसते. अशा वेळी कुलस्वामिनीचा डोंगर हीच घराण्याची उरलेली खूण ठरते. तरी माझी नम्र विनंती एवढीच की, पुढील खेपेस ओटी भरून झाल्यावर लगेच पायऱ्या उतरू नयेत. मुलांचा हात धरून चैत्यात जावे, खांबांवरील अक्षरे त्यांना दाखवावी आणि ती देणाऱ्यांची नावे सांगावी. मात्र त्या भिंतींवर आपले नाव कोणी कोरू नये. तेथे ज्यांची नावे आहेत त्यांनी आधी काही दिले होते.