महाडचें चवदार तळें केव्हां पाहावें?

श्रोतेहो, एखादें स्थळ पाहावयास कोणत्या ऋतूंत जावें, हा प्रश्न सामान्यतः प्रवासाच्या टांचणांतला समजला जातो. रायगड हिवाळ्यांत चढावा, महाबळेश्वर पावसाळ्यांत टाळावें, मुलांच्या परीक्षा आटोपल्या म्हणजे कोंकणांत उतरावें, अशीं उत्तरें आपल्या घरोघरीं तयारच असतात. परंतु कांहीं स्थळें अशीं आहेत कीं, त्यांच्या बाबतींत हा प्रश्न हवेच्या जाणकारास विचारून भागत नाहीं. तो इतिहासास विचारावा लागतो. महाड शहरांतील चवदार तळें हें त्यांपैकीं एक होय.

आधीं व्यवहाराची बाजू पाहूं. महाड हें सावित्री नदीच्या कांठचें, मुंबई-गोवा महामार्गावरील गांव. आगगाडीनें येणारास वीर हें स्थानक जवळचें. महाबळेश्वराहून आंबेनळीचा घाट उतरून पोलादपुरावरून येणारेहि पुष्कळ असतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या ह्या मुलखांत पाऊस अपरंपार पडतो. सावित्री व गांधारी ह्या नद्यांचा पूर महाडच्या बाजारपेठेस नवा नाहीं. जुलै २०२१ मधील पुरानें तर शहराचा मोठा भाग पाण्याखालीं नेला होता. म्हणून जून ते सप्टेंबर हे महिने वगळावेत. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हवा सुखाची असते. मार्च लागला कीं उन्हाचा ताप सुरू होतो. ह्याच रायगड जिल्ह्यांत भिरा येथें २०१७ सालच्या मार्च महिन्यांत पारा ४६ अंशांच्या वर चढला होता. तेव्हां सोयच पाहावयाची असेल, तर डिसेंबर-जानेवारी उत्तम, असें कोणीहि सांगेल.

असें असूनहि माझें सांगणें असें आहे कीं, चवदार तळें प्रथम पाहावयाचें तर तें मार्च महिन्यांत पाहावें, आणि तेंहि उन्हाच्या वेळीं. ह्याचें कारण समजण्यासाठीं १९२७ सालाकडे वळावें लागेल.

त्या वर्षीं १९ व २० मार्च रोजीं महाडांत कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आजच्या रायगड जिल्ह्याचें तेव्हांचें नांव कुलाबा. परिषदेची भूमि आधींच नांगरलेली होती. महाडजवळच्या रावढळ गांवचे गोपाळबाबा वलंगकर ह्यांनीं सैन्यांतून निवृत्त झाल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळांत, अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालविली होती. पुढें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले ह्यांनीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत एक ठराव मंजूर करून घेतला. सरकारी अथवा सार्वजनिक पैशांतून चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेनेंहि १९२४ सालीं आपलें तळें खुलें करण्याचा ठराव केला.

कागदावर तळें मोकळें झालें. परंतु तीन वर्षें उलटलीं, तरी अस्पृश्य माणसास त्या पाण्यांत ओंजळ बुडवितां आली नाहीं. तळ्याच्या चारहि बाजूंस सार्वजनिक रस्ता; मुसलमानांस तेथें मज्जाव नव्हता, गुरांढोरांसहि नव्हता. मज्जाव होता तो एवढ्यांनाच.

परिषद भरली तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. रामचंद्र बाबाजी मोरे ह्यांनीं तिच्यासाठीं मोठी खटपट केली होती. अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, सुरेंद्रनाथ टिपणीस ह्यांसारखे स्पृश्य समाजांतील कार्यकर्तेहि खांद्याला खांदा लावून उभे होते. खेड्यापाड्यांतून अडीच हजारांवर माणसें आलीं. आणि ह्या माणसांच्या पिण्यासाठीं स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें, अशी नोंद बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर ह्यांनीं केली आहे.

श्रोतेहो, हा चाळीस रुपयांचा हिशेब पौषांतल्या थंड सकाळीं वाचला, तर तो एक आंकडा वाटतो. फाल्गुनाच्या उन्हांत बाजारपेठेंतून चालत तळ्याशीं यावें, घसा कोरडा पडलेला असावा, समोर पाणी दिसत असावें, आणि मग हा आंकडा आठवावा. गांवाच्या मध्यभागीं भरलेलें तळें आहे, त्याच्या नांवांतच चव आहे, आणि पाहुण्यांस पाणी मात्र विकत आणावें लागतें! मार्चांत जा असें मी म्हणतों, तें ह्यासाठीं.

दुसऱ्या दिवशीं परिषदेचें काम संपत आलें असतां, अनंतराव चित्रे ह्यांनीं तळ्यावर जाण्याची गोष्ट काढली. मिरवणूक शांतपणें निघाली. बाबासाहेब तळ्यांत उतरले, त्यांनीं पाणी प्याले. मागोमाग इतरांनीं पाणी प्याले. एवढेंच घडलें. तासां-दोन तासांत गांवांत आवई उठली कीं, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार. तसा कोणताहि बेत नव्हता. परंतु परतणाऱ्या व जेवणास बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. कित्येकांनीं मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. संख्येनें मोठ्या असलेल्या आपल्या अनुयायांस बाबासाहेबांनीं आवरून धरलें. पुढें सनातन्यांनीं पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळें ‘शुद्ध’ करून घेतलें, आणि त्याच वर्षींच्या ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला.

आतां डिसेंबराचें पाहूं. कारण सोयीचा म्हणून जो हंगाम आपण निवडतों, त्याचाहि ह्या तळ्याच्या इतिहासांत वाटा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजीं सत्याग्रह परिषद भरावयाची होती. पावसाळ्यांत कोंकणची जलवाहतूक बंद असे. कापणी-मळणी उरकल्यावर खेड्यांतील माणूस मोकळा होई. तेव्हां हे दिवस येण्याजाण्यास सोयीचे होते, हें सहज ध्यानांत येतें. बाबासाहेब मुंबईहून बोटीनें निघाले व खाडीच्या मार्गानें दासगांव बंदरास उतरले. सभेसाठीं गांवांत कोणी जागा देईना, तेव्हां फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें आपली जागा दिली. त्या मंडपापाशीं २५ डिसेंबरच्या रात्रीं मनुस्मृतीचें दहन झालें. आजचा क्रांतिस्तंभ त्या घटनेची आठवण देतो.

परंतु तळ्याचें काय झालें? विरोधकांनीं दिवाणी न्यायालयांत दावा लावून १४ डिसेंबर रोजींच तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. हजारों माणसें पाणी घेण्याचा निश्चय करून आलीं होतीं. तुरुंगांत जाण्याची त्यांची तयारी होती. पुष्कळ विचारविनिमय झाला आणि सत्याग्रह तहकूब ठेवण्याचें ठरलें. मिरवणूक निघाली, ती तळ्यास वळसा घालून गेली; पाण्यास कोणी हात लावला नाहीं. मार्चांत पाणी पिण्यास जेवढें धैर्य लागलें, त्याहून न पितां परत फिरण्यास कमी लागलें असेल, असें मला वाटत नाहीं. म्हणून जो हिवाळ्यांत जाईल त्यानें निदान तळ्यास एक संपूर्ण प्रदक्षिणा घालावी, आणि ही न प्यालेली ओंजळ आठवावी.

दावा पुढें सव्वानऊ वर्षें चालला. महाडच्या न्यायालयाचा निकाल १९३१ सालीं लागला, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाचा १९३३ सालीं. आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व वाडिया ह्यांनीं वादींचें अपील फेटाळलें. अनादि काळापासूनची वहिवाट म्हणून जी सांगितली जात होती, ती सिद्ध होऊं शकली नाहीं. २० मार्चला दहा वर्षें पूर्ण होण्यास तेव्हां तीनच दिवस उरले होते. पुढें २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत विहिरी, तळीं, स्नानाचे घाट व रस्ते ह्यांचा नांवानें उल्लेख आहे. मूलभूत हक्कांच्या भारदस्त भाषेंत ‘तळीं’ हा साधा शब्द कोठून आला, ह्याचें आश्चर्य महाड पाहिलेल्या माणसास वाटणार नाहीं.

आतां मुख्य अडचण. दर वर्षीं २० मार्चला महाडांत प्रचंड गर्दी लोटते. दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसें येतात, रस्ते भरून जातात, पुस्तकांचीं दुकानें लागतात. ह्या कारणास्तव शहरांतील कित्येक सुशिक्षित कुटुंबें तो दिवस कटाक्षानें टाळतात. ‘नंतर निवांत जाऊं’ असें म्हणतात, आणि रायगडास जातांना पांच मिनिटें गाडी थांबवून पुढें निघतात. गर्दीचा कंटाळा मी समजूं शकतों. परंतु पंढरीची किंवा गणेशोत्सवाची गर्दी आपणांस उत्साहाची वाटते आणि हीच तेवढी अडचणीची वाटते, ह्याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं करावा. चवदार तळें हा एका समाजाचा सण आहे, आपला इतिहास नव्हे, अशी वांटणी करून टाकणें फार सोपें आहे. १९२७ सालीं त्या मंडपांत चित्रे, सहस्रबुद्धे, टिपणीस बसले होते, आणि जागा फत्तेखानाची होती. मग आपण परके कसे?

तेव्हां माझा सल्ला असा. आयुष्यांत एकदां तरी २० मार्चला जावें. पहांटे पोहोंचावें, मुलांस बरोबर न्यावें, वाहन गांवाबाहेर ठेवून पायीं चालावें, आणि रांगेंत जो क्रम येईल तो घ्यावा. शेजारच्या वृद्ध बाईस ती कोठून आली, प्रथम कधीं आली, एवढें विचारावें. पुष्कळ ऐकावयास मिळेल. २० मार्च २०२७ रोजीं ह्या घटनेस शंभर वर्षें होतात, हेंहि ध्यानांत ठेवावें.

दुसऱ्यांदा जावें तें एखाद्या साध्या कामाच्या दिवशीं. सकाळच्या थंड वेळीं गांवाबाहेरचीं गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं पाहावीं. दीडदोन हजार वर्षांपूर्वीं कातळांत खोदलेल्या पाण्याच्या टांक्या तेथें आहेत. मग ऊन चढल्यावर तळ्याशीं यावें. बिरवाडीच्या बाजूस महाडची औद्योगिक वसाहत आहे. तेथें नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या कुटुंबांस तर ह्यासाठीं प्रवासहि करावा लागत नाहीं. सुट्टीची एक दुपार पुरे.

अशा दिवशीं तळ्यावर गर्दी नसते, भाषणें नसतात. रहदारी चालू असते, कोणी सावलीस बसलेला असतो. बाबासाहेबांचा पुतळा आणि पाणी, एवढेंच समोर असतें. तहान लागली तर पिशवींतील पाण्याची बाटली काढावी, शेजारीं बसलेल्या अनोळखी माणसास आधीं विचारावें, आणि मग आपण प्यावें.