देश-काळ, गोदाकाठ आणि इमॅक्स

नाशिकच्या मंडळींना संकल्पातली एक गंमत ठाऊक असते. पूजेच्या आधी गुरुजी देश-काळाचा उच्चार करतात. भरतखंड, दंडकारण्य, शालिवाहन शक, संवत्सर, अयन, मास, पक्ष, तिथी, आणि त्यातच गोदावरीचा कोणता तीर तेही. भद्रकालीतल्या घरात दक्षिण तीर म्हणायचं, पूल ओलांडून पंचवटीत गेलं की उत्तर तीर. पूजा तीच, मंत्र तेच, पण एक शब्द जागेप्रमाणे बदलतो.

संगणकातही अगदी हाच प्रकार आहे, त्याला एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणतात. प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या कानात सांगितलेला देश-काळ! टीझेड म्हणजे घड्याळ कुठलं, लँग म्हणजे भाषा कुठली, पाथ म्हणजे हत्यारं कुठल्या फडताळात ठेवली आहेत. (आपल्या घड्याळाचं नाव 'एशिया/कोलकाता'. सूर्याच्या हिशेबाने नाशिक त्याच्या सुमारे ३५ मिनिटं मागे आहे. मुंबईने तर १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तरी १९५५ पर्यंत आपली वेगळी वेळ धरून ठेवली होती. असो, तो वेगळा लेख.)

ही सोय बेल लॅब्जच्या युनिक्समध्ये १९७९ साली आली, सातव्या आवृत्तीत, स्टीफन बॉर्न यांच्या शेलबरोबर. रचना साधी आहे. नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत, अशा ओळींची एक यादी. एका प्रोग्रॅमने दुसरा सुरू केला की यादीची प्रत त्याच्या हाती पडते. पोराने पुढे त्यात काय हवं ते बदलावं, आईबापांच्या यादीला धक्का लागत नाही. (आमच्याकडच्या काही काकांना हे पटणार नाही.)

यात एक गृहीत धरलेलं होतं: माणूस काम सुरू करील, संपवील, घरी जाईल. इमॅक्सवाले तसे वागत नाहीत. इमॅक्स १९७६ साली एमआयटीच्या प्रयोगशाळेत टेको नावाच्या संपादकावरच्या मॅक्रोंचा संच म्हणून जन्मला. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील ही त्यातली ठळक नावं. १९८५ साली स्टॉलमननी ग्नू इमॅक्स दिला, ज्याचा बराचसा भाग लिस्प भाषेत आहे आणि वापरणाऱ्याला चालता चालता बदलता येतो. त्यामुळे लोक तो एकदा उघडतात आणि आठवडेच्या आठवडे बंद करत नाहीत. पत्रं, हिशेब, चार गिऱ्हाइकांची चार कामं, सगळं एकाच छपराखाली.

आणि यादी मात्र एकच. इमॅक्सच्या पोटात तिचं नाव 'प्रोसेस-एन्व्हायर्न्मेंट'. इथून जो प्रोग्रॅम सुटेल त्याला हीच यादी मिळणार. समजा एका कामात डेटाबेसचा पत्ता चाचणीचा आहे आणि दुसऱ्यात खऱ्या गिऱ्हाइकाचा. 'सगळं पुसून पुन्हा भर' ही आज्ञा पहिल्यात रोजची, दुसऱ्यात नोकरी घालवणारी. आज्ञेत अक्षराचा फरक नाही, फरक फक्त तीराचा.

सुरुवातीचा उपाय म्हणजे हाताने 'सेटएन्व्ह' म्हणायचं आणि काम बदललं की पुन्हा म्हणायचं. तो माणसाच्या आठवणीवर उभा, म्हणजे कच्चाच. फाईलच्या तळाशी तिच्यापुरत्या सूचना लिहायची सोयही जुनी, पण प्रत्येक फाईलला शेपूट कोण लावणार? २००९ च्या तेविसाव्या आवृत्तीत 'डिर-लोकल्स' आलं: फोल्डरमध्ये एक फाईल ठेवा, खालच्या सगळ्यांना ती लागू. हे झकास होतं, पण यादीत भर घालायची तर नुसती किंमत लिहून भागत नाही, लिस्पचा तुकडा चालवावा लागतो. आणि दुसऱ्याच्या फोल्डरमधला तुकडा आपल्या घरात चालवायचा म्हणजे दारात आलेल्या कोणालाही स्वयंपाकघरात सोडण्यासारखं. म्हणून इमॅक्स आधी विचारतो. २०१२ साली उघडकीला आलं की २३.२ ते २४.१ या आवृत्त्यांत, फक्त सुरक्षित सूचनाच पाळ असं सांगून ठेवलं असलं तरी, असे तुकडे न विचारता चालत होते! २४.२ मध्ये ते भोक बुजवलं.

पुढे डिरएन्व्ह नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम लोकांच्या हाती आला. फोल्डरमध्ये 'एन्व्हआरसी' फाईल. तिथे शिरलात की यादी बदलते, बाहेर पडलात की पूर्ववत. फाईल बदलली की पुन्हा 'अलाऊ' म्हणून संमती द्यावी लागते, हे मला फार आवडतं. इमॅक्समध्ये ते जोडायच्या दोन तऱ्हा झाल्या. एक, तुम्ही खिडकी बदलाल तशी सगळ्या इमॅक्सची यादी बदलायची. दुसरी, 'एन्व्हआरसी' याच नावाच्या पॅकेजची, प्रत्येक बफरला त्याची स्वतःची यादी द्यायची. माझं मत दुसरीकडे, कारण पंचवटीत कोणी पूजेला बसलं म्हणून भद्रकालीचा तीर बदलत नाही.

मात्र तिच्यातही खोच आहे. इमॅक्स पुष्कळदा पडद्यामागे तात्पुरता बफर उघडून त्यातून प्रोग्रॅम सोडतो, आणि त्या बफरला तुमची खास यादी ठाऊकच नसते. ती मुद्दाम पोचवावी लागते. शिवाय पाथ बदलला तरी इमॅक्स स्वतः हत्यारं शोधतो ती 'एक्झेक-पाथ' या वेगळ्या यादीतून. ती तशीच राहिली तर जुन्याच फडताळातला कोयता हाती येतो.

सध्या माझ्याकडे चार फोल्डर, चार फाईली असा संसार आहे. खऱ्या डेटाबेसचा पत्ता मी कुठल्याच फाईलमध्ये ठेवत नाही, तो लागेल तेव्हा टर्मिनलवर हाताने देतो. आणि पुसण्याची आज्ञा देण्याआधी त्याच बफरमध्ये 'गेटएन्व्ह' म्हणून कुठला पत्ता लागलाय ते वाचतो. तुमच्यापैकी कोणी याहून बरी सोय लावली असेल तर जरूर कळवा.